स्पॅनिश आज्ञार्थ : समज आणि वस्तुस्थिती

स्पॅनिश भाषेच्या अभ्यासास नव्याने आरंभ करणाऱ्यांत अशी एक समजूत रूढ आहे की, आज्ञार्थ म्हणजे केवळ हुकूम, सबब सभ्य संभाषणात तो शक्यतो टाळावा. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दारी आलेल्या पाहुण्यास ‘आत या’ म्हणावयाचे असता स्पॅनिश यजमान ‘पासे’ म्हणतो, वाटेत कोणास धक्का लागल्यास ‘पेर्दोने’ म्हणून क्षमा मागतो, आणि ही दोन्ही पासार व पेर्दोनार या नियमित क्रियापदांची आज्ञार्थी रूपेच आहेत. अदब आज्ञार्थ टाळण्यात नाही, योग्य रूप निवडण्यात आहे.

आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे) आणि एस्क्रिबिर (लिहिणे) यांची ‘तू’साठी आब्ला, कोमे, एस्क्रीबे अशी रूपे होतात, आणि ‘तो बोलतो, खातो, लिहितो’ यांसाठीही हीच रूपे असल्यामुळे आज्ञार्थ हा तृतीय पुरुषाकडून उसना घेतलेला आहे, असे पुष्कळांना वाटते. पाठांतरास ही खूण उत्तम. परंतु इतिहास निराळा आहे. लॅटिनमध्ये ‘प्रेम कर’ यास आमा आणि ‘तो प्रेम करतो’ यास आमात अशी दोन स्वतंत्र रूपे होती. पुढे उच्चारातून अंत्य त गळाला आणि दोन्ही रूपे एक झाली.

खरा गोंधळ होतो तो ‘उस्तेद’ या आदरार्थी सर्वनामापाशी. आब्लारचे आब्ले, कोमेरचे कोमा, एस्क्रिबिरचे एस्क्रीबा : आर गणात ए आणि एर-इर गणांत आ, हा स्वरांचा उलटा क्रम पाहून विद्यार्थी या रूपांना अपवाद समजतो. ती अपवाद नाहीत. उस्तेद हे ‘ब्वेस्त्रा मेर्सेद’ या दरबारी संबोधनाचे झिजलेले रूप असल्याने क्रियापद तृतीय पुरुषी राहते, आणि इच्छा किंवा विनंती दर्शविणारा जो अर्थ स्पॅनिशमध्ये आहे, त्याचेच रूप येथे योजिले जाते. आपणही वडीलधाऱ्यांस ‘आपण बसावे’ असे विध्यर्थानेच म्हणतो. त्यामुळे मराठी माणसास ही योजना परकी वाटण्याचे कारण नाही. अनेकांस उद्देशून बोलताना पुढे केवळ न लावावा : आब्लेन, कोमान, एस्क्रीबान.

बुस्कार (शोधणे) याचे बुस्के लिहिताना रोमन लिपीतील सी जाऊन क्यू आणि यू येतात, यावरून ते अनियमित ठरविणेही चूक होय. ए पूर्वी सीचा उच्चार क राहत नाही. तो राखण्यासाठी लेखन बदलते, ध्वनी तोच राहतो. पागार (पैसे देणे) याच्या पागेमध्ये जी नंतर यू येतो तोही याच कारणाने.

‘तू’चे अनेकवचन बोसोत्रोस स्पेनमध्ये प्रचलित असून त्याचा आज्ञार्थ सर्वांत सोपा आहे : अंत्य र च्या जागी द, म्हणजे आब्लाद, कोमेद, एस्क्रिबिद. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी सर्वत्र उस्तेदचे अनेकवचन उस्तेदेस वापरतात. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी बोस येते, आणि त्याचे आज्ञार्थी रूप बोसोत्रोसच्या रूपातील द गाळून, शेवटच्या स्वरावर आघात देऊन होते. त्याला अशुद्ध बोली म्हणून हिणविणे अज्ञानाचे आहे, कारण स्पॅनिश शाही अकादमीच्या कोशातील रूपावलीत ते तूच्या रूपाशेजारीच नोंदलेले आहे. ब्यूनोस आयर्सला जाणाऱ्याने ते आधी पाठ करावे.