गेस्नरचे मेंढपाळ बसूनच असतात

स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटन गावाच्या बातम्यांतली एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात राहिली असेल : हेलिकॉप्टरला टांगून गावातून हलवलेली जखमी गाय. २८ मे २०२५ ला बर्च हिमनदी कोसळली आणि जवळजवळ सगळं गाव गाडलं गेलं. आपण हळहळलो. पण ज्या स्वित्झर्लंडसाठी हळहळलो, तो हिरव्या कुरणांचा आणि निवांत गुराख्यांचा देश आपल्या मनात रुजवला कुणी?

त्या श्रेयातला मोठा वाटा मी झुरिकच्या सालोमन गेस्नरला देईन. जन्म १७३०. हा शहरी माणूस, व्यवसायाने मुद्रक-प्रकाशक. १७५६ सालच्या त्याच्या ग्रामगीतांनी युरोपला वेड लावलं. मग त्याने तेच जग अपारदर्शक जलरंगांत रंगवलं : गर्द झाडी, झुळझुळ ओढा आणि काठावर पावा वाजवणारी प्राचीन ग्रीक वेशातली माणसं. ती बसलेली असतात. धार काढणं, गवत कापणं, चीज करणं यांतलं काहीच त्यांच्या वाट्याला येत नाही.

हे जग जुळलं कसं, ते गेस्नरनेच १७७० मध्ये छापलेल्या पत्रात सांगितलं आहे. आधी तो उघड्यावर बसून झाडं रेखाटायचा, पण पानापानाच्या तपशिलात अडकून चित्र हातचं जायचं. मग त्याने जुन्या उस्तादांची चित्रं गिरवायला घेतली. झाडांसाठी वाटर्लो, खडकांसाठी साल्वातोर रोझा, दूरच्या धूसर क्षितिजासाठी क्लोद लोरँ. म्हणजे हा देखावा आधी डच आणि इटालियन वळणाच्या चित्रांत घडला, मग झुरिकच्या निसर्गात सापडला. ते रंग मला आजही मोहवतात, हेही सांगितलं पाहिजे.

रान म्हणजे काय, हे गेस्नरला ठाऊक नव्हतं असंही नाही. १७८१ पासून झुरिकच्या सीलवाल्ड जंगलाचा कारभार त्याच्याकडे होता. शहराच्या चुली पेटवणारं लाकूड याच जंगलात तुटायचं आणि सील नदीतून वाहत खाली यायचं. ते तोडणारे हात त्याच्या चित्रांत आले असते, तर मला हा चित्रकार कितीतरी मोठा वाटला असता.

त्याच काळात दुसरा एक चित्रकार, कास्पार वोल्फ, खऱ्या हिमनद्यांवर चढत होता. बर्नचा प्रकाशक वाग्नर याच्यासाठी त्याने आल्प्सची दोनशेच्या आसपास चित्रं केली. लाउटरआर हिमनदीच्या १७७६ च्या चित्रात माणसं आहेत, पण बर्फाच्या आणि दगडांच्या पसाऱ्यात ती मुंगीएवढी दिसतात. इथे डोंगर मोठा आहे आणि त्याचा भरवसा नाही, हे पाहताक्षणी कळतं.

गेस्नरचं स्मारक झुरिकच्या प्लाट्झश्पिट्झ बागेत उभं राहिलं. वोल्फ १७८३ मध्ये हायडेलबर्गला विपन्नावस्थेत वारला आणि पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेला. ब्लाटननंतर तरी स्विस संग्रहालयांनी या दोघांची चित्रं एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी लावावीत.