ऑपरेशन झाले, पण पाय रात्री का उडतो?

'ऑपरेशन उत्तम झाले, एक्स-रेही छान आला, मग पाय अजून का दुखतो?' हा प्रश्न मला दर महिन्याला दोघे-तिघे तरी विचारतात. त्यातले बरेचसे रुग्ण दौंड, इंदापूर, जुन्नर या भागांतले असतात. पायाचे ऑपरेशन पुण्यात होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस गाडीत घालून घरी नेला जातो. रुग्णालयात असताना कमरेतल्या इंजेक्शनचा आणि सलाईनमधून दिलेल्या औषधांचा अंमल असतो. घरी पोचेपर्यंत तो उतरलेला असतो. मग हातात गोळ्यांची पिशवी उरते आणि रात्र पुढे असते.

हे मी ऐकून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात, भुरभुर पावसात, दवाखान्यातून घरी जाताना माझी स्कूटर घसरली आणि उजव्या नडगीची दोन्ही हाडे मोडली. दुसऱ्या दिवशी हाडात रॉड बसवला. त्याआधी पंचवीस-सव्वीस वर्षे मी रुग्णांना 'ऑपरेशन म्हटले की दुखणारच, थोडे सहन करा' असे सांगत आलो होतो. चौथ्या रात्री माझेच शब्द मला आठवले. कुठे डोळा लागतो न लागतो तोच पाय आपोआप उडायचा, पोटरी दगडासारखी व्हायची आणि मोडलेल्या जागी अशी कळ यायची की तोंडातून ओरड निघे. पाच मिनिटांनी सारे शांत. पुन्हा डोळा लागला की पुन्हा तेच. पहाटेपर्यंत मला पायाची नव्हे, झोपेचीच भीती वाटू लागली होती.

असे का होते? हाड मोडले की भोवतालचे स्नायू घट्ट आवळले जातात. मोडलेला भाग हलू नये म्हणून शरीराने केलेली ती स्वतःची बांधणीच असते. पण स्नायूंना प्रमाण कळत नाही. मांडीच्या हाडाच्या बाबतीत तर ते इतक्या जोराने ओढतात की मोडलेली टोके एकमेकांवर चढतात आणि पाय आखूड होतो. बी. जे. मेडिकलला शिकत असताना ससूनच्या वॉर्डात आम्ही हे रोज पाहत असू. पलंगाच्या पायथ्याशी कप्पी, तिच्यावरून दोरी आणि दोरीला वजन. ते वजन हाड ओढण्यासाठी आहे असे नातेवाइकांना वाटे. खरे तर ते स्नायूंना दमवून सैल करण्यासाठी असे. आठवडेच्या आठवडे माणूस तसा पडून राही. जर्मनीतल्या गेरहार्ड क्युंटशर यांनी १९३९ साली हाडाच्या पोकळीत धातूची सळई घालायची रीत काढली. आज आपण ज्याला 'रॉड टाकला' म्हणतो, त्याचे मूळ तिथले. हाड आतून धरले गेले की ओढ लावून पडण्याची गरज संपते आणि माणूस काही दिवसांत वॉकरवर उभा राहतो.

हाड धरले गेले, पण ते स्नायूला कळायला वेळ लागतो. चीर दिलेली असते, आत रक्त साकळलेले असते, सूज असते. जरा हालचाल झाली की मेंदूला धोक्याची सूचना जाते आणि स्नायू पुन्हा आवळतो. आवळला की दुखते, दुखले की आणखी आवळतो. झोप लागताना पाय झटकन उडणे हे तर धडधाकट माणसालाही होते. ऑपरेशन झालेल्या पायात तोच झटका जिव्हारी लागतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते. ते तोडायची सोपी जागा म्हणजे दुखणे. आणि इथेच आपल्याकडे बहुतेकांचे चुकते.

माझेही चुकलेच. 'असह्य झाले तरच गोळी घ्यायची' असे मी ठरवले होते. त्यामुळे गोळी घेईपर्यंत दुखणे टिपेला पोचलेले असे, गोळीचा गुण यायला तास जाई आणि तोवर पोटरी चार वेळा आवळून गेलेली असे. फिजिओथेरपीला येणाऱ्या ताई सकाळी अकराला यायच्या. दोन दिवस मी त्यांना पायाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, उद्यापासून सव्वादहाला गोळी घेऊन ठेवा, मी अकराला येते.' एवढी साधी गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी लागली! पहिले आठ-दहा दिवस दुखणे कमी असो वा जास्त, सर्जनने सांगितलेल्या वेळेला गोळी घ्यायची, आणि व्यायामाच्या पाऊण तास आधी एक वेळ येईल असे बसवायचे. पुढे दुखणे उतरेल तशी एकेक गोळी कमी करायची.

सहन करण्याची किंमत कशी मोजावी लागते ते मागच्या वर्षी एका आजींच्या बाबतीत पाहिले. वय अडुसष्ट. गुडघ्याचा सांधा बदललेला, ऑपरेशन अगदी व्यवस्थित. पण घरी गेल्यावर कोणीतरी सांगितले की दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते. आजींनी सगळ्या गोळ्या बंद केल्या आणि उशी गुडघ्याखाली घेऊन पडून राहिल्या, कारण तसे बरे वाटते. दीड महिन्याने मुलगा घेऊन आला तेव्हा गुडघा जेमतेम पन्नास अंश वाकत होता आणि पूर्ण सरळही होत नव्हता. सपाट जमिनीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश वाकणे लागते, जिना चढायला ८० च्या पुढे आणि खुर्चीवरून उठायला ९० च्या आसपास. म्हणजे नवा सांधा बसवून आजी जुन्या सांध्यापेक्षा अडलेल्या! भूल देऊन गुडघा वाकवावा लागला आणि त्यानंतर दोन महिने रोजची फिजिओथेरपी. 'आई फार सोशिक आहे हो,' मुलगा कौतुकाने सांगत होता. मी गप्प बसलो. पूर्वी मीही तेच कौतुक करत असे.

किडनीची भीती अगदीच खोटी नाही, पण ती सगळ्या गोळ्यांना लागू नाही. पॅरासिटामॉल हा पाया समजावा. धडधाकट प्रौढाला दिवसभरात ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या, ही कमाल मर्यादा. किडकिडीत, वयस्क, यकृताचा आजार असलेल्या किंवा दारू घेणाऱ्या माणसाला त्याहून कमी. अडचण अशी की हेच औषध सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांतही असते. पिशवीत तीन नावांच्या गोळ्या आणि तिन्हींत पॅरासिटामॉल, असे मी अनेकदा पाहिले आहे. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गटाच्या गोळ्या सुजेवर चांगल्या, पण किडनी किंवा हृदयाचा विकार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांपैकी काही असेल तर त्या मनाने घेऊ नयेत. ट्रॅमाडॉल जोरदार असते. त्याने चक्कर येते आणि शौचाला खडा होतो. वॉकरवरच्या माणसाला चक्कर म्हणजे दुसरे ऑपरेशन. ती गोळी सुरू असेल तर शौच साफ होण्याचे औषध डॉक्टरांना विचारून आणि पाणी पहिल्या दिवसापासून ठेवावे.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या मेडिकलवाला सहज देतो. त्यांची बरीच गुंगी येते. थायोकोल्चिकोसाइड हे त्यातले आपल्याकडचे लोकप्रिय औषध. युरोपातल्या औषध नियामकांनी २०१३ साली ते पोटातून सात दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असे बंधन सुचवले आहे. आपल्याकडे मात्र जुन्या चिठ्ठीवर महिनाभर घेणारे आहेत.

आता रात्रीचे. झोपण्यापूर्वी पाय छातीपेक्षा उंच राहील असा अर्धा तास ठेवावा. उशा टाचेपासून पोटरीपर्यंत लांब लावाव्यात. फक्त गुडघ्याखाली उशी नको, नाहीतर वरच्या आजींसारखे होते. सुजेवर बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, बधिर कातडीवर मुळीच नाही. जागेपणी दर तासाला दहा-पंधरा वेळा पाऊल खाली-वर करायचे, आणि गुडघा गादीत दाबून मांडीचा स्नायू पाच आकड्यांपर्यंत घट्ट धरायचा. पोटरीत गोळा आलाच तर घाबरून पाय आखडून घेऊ नये. तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल हळूहळू स्वतःकडे ओढावे आणि श्वास लांब सोडावा. मात्र टाचेमागची शीर शिवलेली असेल किंवा घोट्याचे ऑपरेशन असेल, तर हे सर्जनला विचारल्याशिवाय करायचे नाही. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो टॉवेलचा. तो उशाशी आहे एवढ्यानेच झोप लागू लागली.

गोळे येतात म्हणून रोज सहा केळी खाणारेही भेटतात. केळे खायला हरकत नाही, पण ऑपरेशननंतरचे पेटके क्वचितच पोटॅशियमच्या कमतरतेने येतात. लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर रक्त तपासावे. आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर एवढी केळी धोक्याची. जास्त वेळा कारण निराळेच असते. संडासापर्यंत जायचे म्हणजे दिव्य, म्हणून माणसे, विशेषतः बायका, पाणीच पीत नाहीत. सुनेला त्रास नको म्हणून दिवसाला तीन भांडी पाण्यावर राहिलेल्या सासूबाई मी पाहिल्या आहेत. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली की हा प्रश्न निम्मा सुटतो. ती भाड्यानेही मिळते.

पेटका स्नायूत असतो तसा मेंदूतही असतो, याचा पुरावा म्हणजे पाय कापलेले रुग्ण. नसलेल्या पावलाची बोटे आवळून आत वळली आहेत असे ते सांगतात, आणि घरच्यांना तो भ्रम वाटतो. पुण्यात वानवडीला १९४४ पासून सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. पाय गमावलेल्या जवानांच्या बाबतीत हे दुखणे डॉक्टरांच्या पूर्ण परिचयाचे आहे. १९९० च्या दशकात डॉ. रामचंद्रन या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाने साध्या आरशाची युक्ती काढली. चांगल्या अवयवाचे प्रतिबिंब नसलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा आणि चांगला अवयव हलवायचा. काहींचा पेटका त्याने सुटतो. मधुमेहामुळे पाय काढावा लागलेले रुग्ण आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या या तक्रारीवर विश्वास ठेवावा, त्यावर औषधेही आहेत.

माझ्या दुखण्यातला खरा धोका बाराव्या दिवशी आला. पेटके कमी झाले होते, आणि एकाएकी पोटरी सतत ठणकू लागली. शेजारचे तात्या जुने तालमीतले. तेलाची वाटी गरम करूनच आले. 'दोन हात मारतो, मोकळी होईल,' म्हणाले. खरे सांगतो, मी पाय पुढे केला होता. पत्नीने अडवले. तिने शिवणकामाची टेप आणून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. मोडलेल्या पायाला सूज असतेच, पण दोन दिवसांपूर्वी फरक दीड सेंटीमीटर होता, तो आता साडेतीन झाला होता. संध्याकाळी डॉपलर सोनोग्राफी झाली. शिरेत रक्ताची गुठळी होती. ती चोळण्याने सुटून फुप्फुसात गेली असती तर हे सदर आज दुसऱ्या कोणी लिहिले असते. तीन महिने रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतल्या. तात्यांना वाईट वाटले; चूक त्यांची नव्हती, निरोगी पायाला जे चालते तेच ते करणार होते. पायाच्या ऑपरेशननंतर पहिले तीन महिने पोटरीला मालीश नाही, मग ते मालीशवाल्याचे असो वा घरच्यांचे.

साधा पेटका येतो आणि जातो, मधल्या वेळात पोटरी मऊ लागते. गुठळीचे दुखणे बहुधा एकाच पायात, सतत, सूज आणि गरमपणा घेऊन येते. तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यात धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर चालवत नेऊ नये, वाहन बोलवावे. ताप येणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे यातही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

आणखी एक दुखणे आहे, त्यात तर तासांचा हिशेब असतो. विशेषतः नडगी मोडल्यानंतर, ऑपरेशन झालेले असो वा नसो, किंवा प्लास्टर घातल्यावर, गोळी-इंजेक्शन घेऊनही दुखणे वाढतच जाते. पायाची बोटे दुसऱ्याने हलवली की जीव जातो, पोटरी ताणलेल्या कातड्यासारखी टणक होते, बोटांना मुंग्या येतात. आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत असतो आणि साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. अशा वेळी पाय उंच करून, अजून एक गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. पाय छातीच्या पातळीवर ठेवून, ऑपरेशन जिथे झाले तिथे फोन करत थेट निघायचे. तिथे पोचायला फार वेळ लागणार असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन प्लास्टर आणि पट्ट्या तळापर्यंत कापून मोकळ्या करून घ्यायच्या, आणि तिथून पुढे.