मिटलेली मूठ, आवणीची मूठ

नाचणीची भाकरी थापायला काय काय लागतं? घरात विचारलं तर उत्तर येईल : पीठ, पाणी, तवा आणि विस्तव. व्यवसायोपचाराच्या वर्गात हाच प्रश्न विचारला, तर वहीची दोन पानं पुरत नाहीत. चुलीसमोर उकिडवं किंवा मांडी घालून बसता आलं पाहिजे, त्यासाठी खुबा आणि गुडघा पुरता दुमडला पाहिजे. पीठ मळताना खांद्यातून जोर आला पाहिजे आणि मनगट उचललेलं राहिलं पाहिजे. थापताना एक हात भाकरी फिरवतो, दुसरा थोपटतो. दोन हातांची दोन कामं एका तालात चालावी लागतात. पाणी कोमट आहे की कढत, हे बोटांना कळलं पाहिजे. तव्याची आच अंदाजानं जोखता आली पाहिजे. आधी काय आणि मग काय, हा क्रम डोक्यात टिकला पाहिजे. आणि आपल्या हातची भाकरी घरच्यांच्या पानात पडावी, अशी ओढ मनात असली पाहिजे.

रोजच्या साध्या कामाची अशी उकल करण्याला कृती-विश्लेषण म्हणतात. व्यवसायोपचाराच्या पदवीचा हा कणा. आजारानं किंवा अपघातानं यातला एखादा दुवा तुटला, तर नेमका कोणता तुटला हे शोधायचं. तो सांधता आला तर सांधायचा, नाही तर त्याला वळसा घालून काम पुरं करण्याची वाट काढायची. विद्यार्थी वर्षानुवर्षं हेच शिकतात.

सरकारी रुग्णालयात ‘व्यवसायोपचार विभाग’ ही पाटी वाचून पुष्कळांना वाटतं, इथे नोकरीधंद्याचं काहीतरी मार्गदर्शन मिळत असेल. इथला ‘व्यवसाय’ मात्र फार व्यापक आहे. माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरतो, ती सगळी कामं त्यात येतात. दात घासणं, लुगडं नेसणं, विहिरीवरून पाणी आणणं, शाळेत जाणं, लहान मुलाचं खेळणं, म्हाताऱ्या माणसाचं ओटीवर बसून आल्यागेल्याची चौकशी करणं. फिजिओथेरपी आणि व्यवसायोपचार या शेजारच्या विद्या आहेत आणि त्यांची हद्द अनेक ठिकाणी एकमेकींत मिसळते. पण व्यवसायोपचाराचा पहिला प्रश्न कायम एकच असतो : तुम्हाला परत काय करता यायला हवंय?

हा प्रश्न आपल्याकडे प्रथम पद्धतशीरपणे विचारला गेला तो मुंबईत. 1917 साली अमेरिकेत या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांच्या शुश्रूषेतून त्याला बळ मिळालं. तिथल्याच एका क्वेकर कुटुंबातल्या एलिझाबेथ लुंडी विष्णू निंबकरांशी विवाह करून भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं रीतसर शिक्षण घेतलं आणि 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं विद्यालय सुरू केलं. भारतातलं हे पहिलं. 1952 साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या जागतिक महासंघाच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. त्या काळात या विभागांमधून हातमाग, सुतारकाम, वेतकाम चालायचं. पोलिओनं लुळा पडलेला पाय माग चालवता चालवता बळ धरायचा. आज साधनं बदलली आहेत, पण कामानंच काम परत मिळवायचं ही जुनी शहाणीव कायम आहे.

ही पदवी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं साडेचार वर्षांची राहिली आहे : चार वर्षं अभ्यास आणि सहा महिने आंतरवासिता. बारावीला जीवशास्त्र आणि मग ‘नीट’ देऊन विद्यार्थी इथे येतात. परीक्षा नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या. 2021 च्या कायद्यानं हा व्यवसाय राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आणि अभ्यासक्रमाची नव्यानं आखणी सुरू झाली. एवढ्या वर्षांत विद्यार्थी काय शिकतात, हे विषयांची यादी देऊन कळणार नाही. त्यापेक्षा एका बाईला डोळ्यांसमोर आणू. ती काल्पनिक आहे, पण अशा बाया पुष्कळ आहेत. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची, पन्नाशीची वारली शेतकरीण. एका पहाटे तिची उजवी बाजू लुळी पडली. काही आठवड्यांनी खांदा थोडा हलू लागला, पण बोटं आवळून बसली. उजव्या हाताची मूठ मिटली ती मिटलीच.

पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला ही मूठ आतून दिसते. शवविच्छेदनाच्या टेबलावर तो एका हातातली 27 हाडं मोजतो. बोटं मिटवणारे स्नायू कोपरापासून कसे उतरतात, तीन प्रमुख नसा बोटांपर्यंत कोणत्या वाटेनं पोचतात, हे पाहतो. शरीरक्रियाशास्त्रात त्याला कळतं की मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला म्हणून उजवी बाजू गेली, आणि वरून येणारा लगाम सुटला म्हणून स्नायू आवळले. हाताचा दोष नाही, हुकूम पोचत नाही. ही समज आली की तो ती मूठ जबरदस्तीनं उघडायला जात नाही.

पुढच्या वर्षांत विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र आणि हालचालींचं यांत्रिक गणित येतं. गोनिओमीटरनं सांध्याचा कोन आणि डायनॅमोमीटरनं पकड मोजायची. मग येतो स्प्लिंट, म्हणजे हाताला योग्य आकारात धरून ठेवणारा आधार, बनवण्याचा तास, आणि इथे विद्यार्थी कारागीर होतो. रुग्णाच्या हाताचा नकाशा कागदावर काढायचा, त्याबरहुकूम थर्मोप्लास्टिकचा पत्रा कापायचा आणि गरम पाण्यात मऊ करायचा. मग तो हातावर ठेवून निववता निववता आकार द्यायचा. वेळ मोजकाच मिळतो. तळव्याची कमान बुजता कामा नये, हाडाच्या उंचवट्यावर कड टोचता कामा नये. अंगठा बाकीच्या बोटांसमोर यायला हवा, कारण अंगठ्याविना हात म्हणजे नुसता आकडा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो वॉर्डात उभा असतो. अस्थिरोग, मज्जासंस्था, बालरोग, मनोविकार, भाजलेले हात, कुष्ठरोगानं बधिर झालेली बोटं. छोट्या छोट्या युक्त्या इथे शिकायला मिळतात. अर्धांगवायू झालेल्या माणसानं सदरा घालताना दुबळा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. बधिर हाताला चटका कळत नाही, म्हणून भांड्याच्या दांड्याला कापड गुंडाळायचं आणि रोज रात्री तळवे डोळ्यांनी तपासायचे. झाडावरून पडून कंबरेखालचा भाग गेलेल्या तरुणानं दर थोड्या वेळानं हातांच्या जोरावर बूड उचलायचं, नाहीतर बसल्या जागी जखम होते आणि ती जीव घेऊ शकते.

आपल्या बाईचा मुलूख मुंबईपासून फार लांब नाही. चर्चगेटहून डहाणू रोड 124 किलोमीटर. 2013 सालापासून लोकल इथवर येते. तलासरी गावाला रेल्वे नाही. ते आहे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेला लागून. एवढंसं अंतर कापलं की पुस्तकातल्या किती गोष्टी बदलतात, ते पाहण्यासारखं आहे.

रुग्णाची स्वावलंबनाची पातळी मोजायला जगभर बार्थेल निर्देशांक वापरतात. 1965 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या मापात दहा बाबी आणि 100 गुण आहेत. त्यातली एक बाब आहे पलंगावरून खुर्चीत जाणं. आपल्या बाईच्या घरात पलंग नाही आणि खुर्ची पाहुण्यांपुरती. ती जमिनीवर निजते, जमिनीवर जेवते आणि जमिनीवरच रांधते. तिचा खरा डोंगर म्हणजे जमिनीवरून उठणं. पुस्तक म्हणतं, भिंतीला आधाराची दांडी बसवा. कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपून केलेल्या भिंतीवर दांडी ठोकली, तर ती माणसाचा भार पेलणार नाही. चुलीशेजारी जमिनीत खोल रोवलेला बांबूचा खुंट मात्र पेलेल. पुस्तक ब्लाउजची बटणं एका हातानं लावायला शिकवतं. गुडघ्यापर्यंतचं लुगडं कासोटा मारून एका हातानं कसं नेसायचं, हे तिच्या लेकीबरोबर बसून शोधावं लागतं.

काम काय, हे तर गावागणिक बदलतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो चिकू काढणाऱ्याची मान आणि खांदे दिवसभर वर ताणलेले असतात. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणीची कंबर वाकलेली असते. चिंचणी-वरोरच्या डायमेकरचा दिवस दागिन्यांचे बारीक ठसे कोरण्यात जातो. त्याची बोटं थरथरू लागली तर रोजीच थांबते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघून जातात. ‘आठवड्यातून तीनदा या’ हा सल्ला तिथे कोलमडतो. व्यायाम असा हवा, जो गाठोड्यात बांधून भट्टीवर नेता येईल. या पट्ट्यात सिकलसेलचा आजारही आहे. त्यात कधी कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खुंटतो आणि ऐन विशीतल्या मुलाला उकिडवं बसता येत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्र, प्रवासाची सवलत, शाळेतला वाढीव वेळ हे मिळवून देण्याचं ज्ञानही या पदवीचाच भाग आहे.

पाड्यावर जाऊन तिथल्याच वस्तूंनी शिकवायचं, हा धडा डहाणूच्या मातीत आधीच गिरवला गेला आहे. 1945 साली ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्रामबालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. माँटेसोरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या घेतल्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्माला आला. 1975 पासूनच्या सरकारी योजनेमुळे तो देशभर पोचला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा भरवली.

मला हे साम्य फार मोलाचं वाटतं. माँटेसोरीच्या बालघरात बटणं लावण्याची लाकडी चौकट असते. तशीच चौकट व्यवसायोपचार विभागातही असते, कारण दोन्हीकडे श्रद्धा एकच : हाताला अर्थपूर्ण काम मिळालं की मेंदू शिकतो. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाला ताठ बसवायला बाजारातली खुर्ची महाग पडते. गावच्या सुताराकडून कोपऱ्याच्या आकाराचं आसन करून घेता येतं. झिम्बाब्वेत तर जुने कागद आणि खळीचे थर चिकटवून अशी आसनं बनवण्याचं तंत्र विकसित झालं. स्पर्शाला बुजणाऱ्या, सतत अस्वस्थ असणाऱ्या मुलांसाठी जीन एअर्स या अमेरिकन तज्ज्ञ बाईंनी संवेदनांच्या एकात्मीकरणाची उपचारपद्धती मांडली. त्यासाठी शहरातल्या दवाखान्यात महागडे झोके टांगतात. पाड्यावर लुगड्याची झोळी आहे, चढायला झाड आहे आणि बोर्डीला मैलभर वाळू आहे. कोणती संवेदना किती आणि कोणत्या क्रमानं द्यायची, हे ठाऊक असणारं माणूस मात्र हवं. पदवीची किंमत तिथे आहे.

मनाच्या आजाराचंही तसंच. खोल नैराश्यात किंवा स्किझोफ्रेनियात माणसाचा दिवसच विस्कटतो. उठणं, अंघोळ, जेवण यांची घडी मोडते. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात व्यवसायोपचार विभागातले रुग्ण दिवाळीच्या पणत्या रंगवतात, तेव्हा पणतीइतकाच महत्त्वाचा असतो तो ठरलेल्या वेळी हातात घेतलेला कुंचला. विद्यार्थी इथे धीर धरायला शिकतो. आज फक्त विहिरीपर्यंत जाऊन यायचं, एवढंच उद्दिष्ट पुष्कळदा मोठं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की ही विद्या ज्या पाड्यांना सर्वांत जास्त हवी आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचली पाहिजे. महाविद्यालयं मुंबई, नवी मुंबई, नागपूरसारख्या शहरांत आहेत. आंतरवासितेतले काही आठवडे तरी कासा, तलासरी, मोखाड्याच्या रुग्णालयांत आणि तिथून पुढे पाड्यांवर घालवले जावेत. आणि अंगणवाडीसेविका, आशाताई यांना स्प्लिंट तपासायला, बाळानं मान वेळेवर धरली नाही हे ओळखायला शिकवलं जावं. त्याहून मोठी आशा वेगळी आहे. एखाद्या वारली घरातली मुलगी ही पदवी घेऊन परत येईल तेव्हा तिला चुलीची उंची, भातरोपांसाठी भाजलेल्या राबाचा धूर, कासोट्याची गाठ हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

आता पुन्हा आपल्या बाईकडे येऊ. कॅनडात 1991 साली तयार झालेली एक प्रश्नावली विद्यार्थ्यांना शिकवतात. तीत रुग्णानंच ठरवायचं असतं, कोणतं काम आपल्याला सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि त्याला गुण द्यायचे. विद्यार्थिनीला वाटलेलं असतं, मावशी चालण्याचं बोलेल किंवा भाकरीचं. मावशी म्हणते, “आवणीला जायाचंय.”

चिखलात तासन्‌तास वाकून रोपं लावणं तिला आता जमणार नाही. पण आवणी हेही एक काम आहे आणि त्याचीही उकल होते. राबातली रोपं उपटायची, मुळांची माती झटकायची, जुडी बांधायची, शेतात न्यायची, चिखलात रोवायची. यातलं जुडी बांधणं बांधावर बसून करता येतं. डावा हात रोपं गोळा करेल. उजव्या हातानं नुसतं धरून ठेवायचं. त्यासाठी बोटं हवी तेवढी सैल होतील असा स्प्लिंट रात्री, सराव दिवसा. बसायला वीतभर उंचीचा पाट, पाठीशी खुंट. वैशाखात गवताच्या काड्यांवर सराव सुरू होतो, म्हणजे आषाढापर्यंत हात तयार होतो.

आमच्याकडे रोपांच्या जुडीलाही मूठच म्हणतात. पाऊस पडतो, सगळा पाडा शेतात उतरतो, आणि बांधावर बसलेली बाई मिटलेल्या हातात रोपं धरून डाव्या हातानं त्यांना गाठ मारते. मूठ जरा सैल होते, वाकडी होते. लेक ती उचलते आणि चिखलात रोवते. त्या वर्षीच्या भातात आईच्या हातचं भात असतं.