दगडाला धोंडा म्हणणारी माणसं

दुबईच्या करामा भागात, अर्ज टाईप करून देणाऱ्या एका टायपिंग सेंटरच्या काउंटरवर मी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा पलीकडच्या मल्याळी मुलाने माझा पासपोर्ट उघडला, नाव अर्जावर उतरवलं आणि मान वर न करता म्हणाला, “दगडू साब, फोटो दो.”

दगडू माझे वडील. गावात त्यांना या नावाने हाक मारणारं माणूस मी पाहिलेलं नाही. ते सगळ्यांचे आप्पा. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर आणि मतदारयादीत तेवढे ते दगडू होते. आणि दुबईत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांचं ते झाकून ठेवलेलं नाव मला चिकटलं. ऑफिसच्या यादीत मी मिस्टर दगडू झालो, बिल्डिंगच्या वॉचमनसाठी दगडूभाई. माझं स्वतःचं नाव, बारशाला आत्याने कानात सांगितलेलं, इथे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

यात कोणाची चूक नाही. भारतीय पासपोर्टात नावासाठी दोन रकाने असतात. मराठी माणूस आडनाव एका रकान्यात घालतो आणि स्वतःचं नाव वडिलांच्या नावासह दुसऱ्यात. बाईचं लग्न झालेलं असेल तर तिथे बहुधा नवऱ्याचं नाव येतं. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत ४४ जागा. पहिल्या ५ कागदाचा प्रकार आणि देश सांगण्यात जातात, उरलेल्या ३९ नावासाठी. आधी आडनाव, मग दोन कोनचिन्हं, मग बाकीचे शब्द एकापुढे एक. त्यातला कुठला शब्द माझा आणि कुठला आप्पांचा, हे यंत्राला कळायची सोयच नाही. विमानाच्या तिकिटावर तर हे दोन शब्द जोडून एकच लांबलचक शब्द होतो, आणि बाप-लेक एका श्वासात छापले जातात.

तरीही मराठी नाव इथे बऱ्यापैकी निभावतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्स्प्रेसने प्रवाशांना कळवलं की पासपोर्टावर एकच शब्द असलेल्या, आडनावाचा रकाना रिकामा असलेल्या माणसाला व्हिजिट व्हिसावर अमिरातीत प्रवेश मिळणार नाही. मोठी खळबळ उडाली. दक्षिणेत असे एकशब्दी पासपोर्ट बरेच असतात, कारण तिथे अनेकांच्या वडिलांचं नाव आद्याक्षरात मावतं आणि आडनाव नसतंच. काही दिवसांत खुलासा आला: पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. म्हणजे माणूस एकटा चालत नव्हता, त्याच्यामागे बाप किंवा घराणं उभं असायला हवं होतं.

ही अट अरबी समाजाला अजिबात विचित्र वाटणारी नाही, आणि खरं सांगायचं तर मराठी माणसालाही वाटू नये. दुबईचे शासक मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांच्या नावाकडे पाहा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, घराण्याचं नाव. आपण फक्त ‘बिन’ म्हणत नाही, एवढाच फरक. आपला ‘कर’सुद्धा त्यांच्याकडे आहे. चिपळूणचा तो चिपळूणकर, तसा ख्वारिझ्मचा तो ख्वारिझ्मी. गावावरून पडणाऱ्या अशा नावाला अरबीत ‘निस्बा’ म्हणतात, आणि ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या निस्बेवरूनच पुढे ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याचे बाबा’ हेही तिथे आहेच. थोरल्या मुलावरून बापाला ‘अबू’ लावून आणि आईला ‘उम्म’ लावून हाक मारायची, ही ‘कुन्या’. आखातातल्या बोलीत अबूचं नुसतं ‘बू’ होतं. मोठ्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारण्यापेक्षा कुन्येने मारणं जास्त अदबीचं. पहिले खलिफा अबू बक्र यांचं स्वतःचं नाव अब्दुल्ला होतं, असं परंपरा सांगते. जग त्यांना कुन्येनेच ओळखतं.

उच्चाराची अडचण मात्र खरी आहे. एमिरेट्स आयडीवर नाव इंग्रजीत असतं तसं अरबीतही असतं, आणि अरबी लिपीत प नाही, च नाही, ट-ड नाहीत, ळ-ण नाहीत. पाटील ‘बातील’ होतो. चव्हाणांचा च ‘त’ आणि ‘श’ जोडून लिहितात आणि व बहुधा ‘फ’ होतो, म्हणजे ‘तशाफान’. ‘ग’साठी कोणी घैन हे अक्षर वापरतो, कोणी जीम. त्यामुळे एकाच घरातल्या दोघा भावांच्या कार्डांवर आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलं आहे. शेवटी ओळख पटते ती कार्डावरच्या १५ आकड्यांनी: आधी अमिरातीचा ७८४, मग जन्मवर्ष, मग सात आकडे आणि एक पडताळणीचा.

पण खऱ्या नावाला झाकणारं दुसरं नाव आपल्याकडे कारकुनाच्या रकान्यातून आलेलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधीचं आहे. आश्वलायन गृह्यसूत्रात मुलाचं एक ‘अभिवादनीय’ नाव सांगितलं आहे. मुंज होईपर्यंत ते फक्त आईबापांना ठाऊक असावं. पत्रिकेतलं नावरसनाव आजही पुष्कळ घरांत असंच गुपचूप राहतं. एक जुनं संस्कृत वचन तर सांगतं की कल्याण इच्छिणाऱ्याने स्वतःचं, गुरूचं, अतिकृपणाचं, थोरल्या अपत्याचं आणि पत्नीचं नाव उच्चारू नये. नाव म्हणजे माणसाचा जीवच, तो उघड्यावर ठेवायचा नाही, ही समजूत त्यामागे आहे.

आता हे वचन एका भरल्या वाड्यात आणून पाहा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत. आजी ते नाव घेणार नाही, ते तिच्या नवऱ्याचं आहे. आई घेणार नाही, ते सासऱ्याचं आहे. काकवा घेणार नाहीत. मग त्या पोराला दिवसातून पन्नास वेळा हाक कशी मारायची? तो बाळ होतो, बंडू होतो, नाना होतो, भाऊ होतो. घरोघरच्या अण्णा, तात्या, बापू, दादा यांचा उगम शोधताना लोक लाडाचं कारण सांगतात. लाड होताच. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण स्वयंपाकघरात होतं. खरं नाव तोंडाने घेता येत नव्हतं अशा बायकांनी ही नावं घडवली, आणि पुढे ती इतिहासाला वापरावी लागली. टिळकांचं नाव केशव. घरात बाळ म्हणत. १९०८ सालचा राजद्रोहाचा खटला न्यायालयाच्या दप्तरात बाळ गंगाधर टिळकांवर आहे. घरातल्या हाकेचं नाव घेऊन तो माणूस मंडालेला गेला. पेशवाईच्या कारभाऱ्याचं नाव बाळाजी जनार्दन भानू होतं, हे परीक्षेपुरतं आठवतं. एरवी ते नाना फडणवीस.

माझ्या आईने आप्पांचं नाव आयुष्यात फक्त उखाण्यात घेतलं. एवढंच नाही, ती दगडाला कधी दगड म्हणाली नाही. पाटा टाकवायला आलेल्या बाईला ती म्हणायची, “धोंडा चांगला आहे, नीट टाकव.” पायाला ठेच लागली तरी धोंडाच. लहानपणी मला वाटायचं की आमच्या घरात त्या वस्तूला धोंडाच म्हणतात. शाळेत गुरुजींनी दगड शब्द लिहायला सांगितला तेव्हा मी आप्पांचं नाव फळ्यावर कसं आलं म्हणून बिचकलो होतो.

आणि आप्पांचं नाव दगडू का? त्यांच्या आधीची दोन भावंडं वाचली नव्हती. ज्या घरात मूल जगत नाही त्या घरात पुढच्या बाळाला मुद्दाम हलकं नाव द्यायचे. दगडू, धोंडू, गुंडू. केरात ठेवून पुन्हा उचलून घेतलेला तो केरबा, उकिरड्यावरून आणलेला तो उकिर्डा. मृत्यूने पाहावं आणि टाकाऊ समजून पुढे जावं, इतकी साधी आणि काळीज चिरणारी युक्ती. (धोंडू हे नाव अधिक महिन्यात, धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्या मुलालाही ठेवतात, त्यामुळे प्रत्येक धोंडूमागे मेलेली भावंडं शोधू नयेत.) अशी नावं घेऊन वाढलेली माणसं मोठेपणी आप्पा, अण्णा झाली. ते नाव त्यांच्यासाठी नको असलेलं नव्हतं. ते नाव म्हणजे आजीने घातलेला ताईत होता. पोर जगलं, ताईत कपाटात गेला.

याच्या नेमकं उलट असलेलं नाव म्हणजे नकुशी. दुसरी-तिसरी मुलगी झाली, आता पुरे, हे दैवाला कळवण्यासाठी ठेवलेलं. इथे लपवलेलं प्रेम नव्हतं. मुलीला रोज, हाकेगणिक, ती नको असल्याचं ऐकावं लागत होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात सरकारी समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली. त्यांनी ती स्वतः निवडली होती. दिवाळीच्या आधीचे ते दिवस होते. माझ्यासाठी महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातली ती मोठी घटना आहे, कारण तिथे कोणी मुलींना दुसरं नाव चिकटवलं नाही, त्यांनी ते मागून घेतलं. सिंधुताई सपकाळांनाही लहानपणी घरात चिंधी म्हणत. त्या नावातून बाहेर पडायला त्यांना आयुष्य खर्चावं लागलं.

बायकांचं नाव बदलायला आपण लग्नाचं ताट आणि मूठभर तांदूळ पुरेसे मानले. कुर्लेकरांची यमुना १८७३ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. गोपाळराव जोश्यांशी लग्न झालेली दुसरी यमुना आनंदीबाई झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाली ती त्याच नावाने. या बदलाविषयी अभिमानाने लिहिण्याची पद्धत आहे. मला मात्र त्या दोन यमुनांचं पुढे काय झालं, माहेरी गेल्यावर त्यांना कोणी त्या नावाने हाक मारली का, हे जास्त छळतं. स्वतःहून नाव घेणाऱ्या पुरुषांची गोष्ट निराळी. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले, आणि कवितेसाठी त्यांनी नाव घेतलं ते धाकट्या बहिणीचं: कुसुमचा अग्रज, कुसुमाग्रज. अबू आणि उम्म मुलावरून पडतात, हे बहिणीवरून. असं नाव मला दुसरं कुठलं आठवत नाही.

करामात राहताना या सगळ्याला आणखी एक पदर मिळतो. ‘करामा’ या अरबी शब्दाचा अर्थच प्रतिष्ठा, माणसाचा मान. आणि याच भागात संध्याकाळी बाहेर पडलं की कानावर पडते ती हाक ‘रफीक’. अर्थ मित्र, सोबती. शब्द गोड आहे. पण मजूर, डिलिव्हरीवाला, झाडूवाला, सगळे एकाच रफीकमध्ये कोंबले की तो शब्द गोड राहत नाही. ज्याला रफीक म्हणतात तो समोरच्याला ‘अरबाब’ म्हणतो, म्हणजे मालक. दोघांनाही एकमेकांचं नाव विचारायची गरज पडत नाही. माझ्या मते दुसऱ्या नावांची खरी परीक्षा इथेच लागते. आप्पा हे नाव गावाने माझ्या वडिलांना जवळ घेऊन दिलं होतं. रफीक हे नाव दुरूनच फेकलेलं असतं.

जागांचंही तसंच. मेट्रोच्या लाल मार्गावरच्या करामा स्थानकाला पुढे एका बँकेचं नाव मिळालं, शेजारच्या खालिद बिन अल वलीद स्थानकाचं बुर्जुमान झालं. आम्ही पत्ता सांगताना अजूनही खालच्या दुकानाचं नाव सांगतो. इमारतींना दहा आकड्यांचा मकानी क्रमांक आहे, तो मला पाठ नाही. कामाने पडलेली नावंही आहेत. १९८४ मध्ये दुबईत सुरू झालेल्या एका लहान दुकानातून ‘अल अदील’चा पसारा उभा करणारे धनंजय दातार इथे ‘मसाला किंग’ म्हणून ओळखले जातात. अल अदील म्हणजे न्यायी. वाण्याच्या तराजूला याहून चांगलं नाव काय असणार!

आमच्या मजल्यावरच्या बायकांच्या फोनमध्ये एकमेकींची नावं ‘आर्यनची आई’, ‘३०४ काकू’ अशी आहेत. उम्म आर्यनच ती. महाराष्ट्रात आता १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं नाव आणि शेवटी आडनाव लिहायचं आहे. ही मुलं उद्या करामात आली तर टायपिंग सेंटरमधला मुलगा त्यांना त्यांच्या आईच्या नावाने हाक मारेल. ते मला ऐकायला आवडेल.

आप्पा गेले त्याला चार वर्षं झाल्यावर आई पहिल्यांदा इथे आली. व्हिजिट व्हिसावर, पासपोर्टात तिच्या नावापुढे आप्पांचं नाव. थंडीत तिचा गुडघा धरला म्हणून मी तिला घराजवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं. बसायला जागा नव्हती इतकी गर्दी होती. फिलिपिनो नर्स दारात आली, हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “दगडू?”

आईने दाराकडे पाहिलं. ती लगेच उठली नाही. नर्सने पुन्हा हाक दिली, “दगडू? दगडू?” मग आईने डोक्यावर पदर घेतला, खुर्चीच्या हाताला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आले.”