जाहिरातीची मुखत्यारी कोणाकडे?

आख्यान ऐन रंगात आले आहे, श्रोत्यांचे चित्त सुदाम्याच्या पोह्यांपाशी गुंतले आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी महिनाभरात दहा किलो वजन उतरवून देण्याची हमी घेणारा एखादा गृहस्थ पडद्यावर अवतरतो, हा प्रसंग यूट्यूबवर कीर्तन ऐकणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ‘बुवांनी पैशासाठी हे काय आरंभले!’ असा जो उद्गार काढतात, तो स्वाभाविक असला तरी बुवांवर अन्याय करणारा आहे.

कोणती जाहिरात कोणापुढे यावी हे चॅनेलचा मालक निवडीत नाही. प्रत्येक जागेचा क्षणार्धात लिलाव होतो, जाहिरातदारांच्या वतीने यंत्र बोली लावते, आणि बोलीची रक्कम, जाहिरातीचा दर्जा व प्रेक्षकाची अनुमानित रुची यांचा मेळ घालून निवाडा होतो. मालकाची मुखत्यारी बेताचीच: विशिष्ट संकेतस्थळांच्या किंवा वजन घटवणे, डेटिंग अशा काही वर्गांच्या जाहिराती तो आपल्या चॅनेलपुरत्या वर्ज्य करू शकतो, आणि व्हिडिओ किमान 8 मिनिटांचा असल्यास मधल्या जाहिरातीची जागा नेमून देऊ शकतो. आरंभीची जाहिरात वगळता येणारी असावी की सक्तीची, हे ठरविण्याची जी मुभा त्याला पूर्वी होती, तीही 2023 च्या नोव्हेंबरपासून कंपनीने आपल्याकडे घेतली. शिवाय जाहिरात दिसली म्हणजे चॅनेलला पैसे मिळालेच, हेही खरे नव्हे. 1000 सदस्य आणि वर्षभरात 4000 तासांचे प्रेक्षण ही 2018 मध्ये घातलेली अट पुरी करून भागीदारीच्या योजनेत दाखल झालेल्या चॅनेलला नेहमीच्या व्हिडिओंवरील जाहिरात-उत्पन्नाचे 55 टक्के मिळतात; परंतु 2020 च्या अखेरीस अमेरिकेत आणि पुढील वर्षी अन्यत्र जे नियम लागू झाले, त्यांअन्वये योजनेबाहेरच्या चॅनेलवरही जाहिराती लावण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला असून त्यातला छदामही त्या चॅनेलकडे जात नाही. गावच्या भजनी मंडळाने हौसेने चढवलेल्या व्हिडिओवर जाहिरात दिसली, तर मंडळाच्या हिशेबवहीत तिचे जमाखर्च शोधणे व्यर्थ होय.

फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, हा दुसरा समज फार चिवट आहे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये 17 हजारांहून अधिक अँड्रॉइड अ‍ॅपची तपासणी केली, तेव्हा गुपचूप ध्वनिमुद्रण केल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. काही अ‍ॅप पडद्यावरील हालचाल टिपून परक्या हाती पाठवतात, हे मात्र आढळले. वस्तुतः कान लावून बसण्याची गरजच पडत नाही. आपण काय शोधले, काय पाहिले आणि कोणत्या गावी आहोत, एवढ्या दप्तरावरून आपल्या इच्छेचा अंदाज बांधता येतो, आणि माझ्या मते चोरून ऐकण्यापेक्षा हीच गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे.

हे दप्तर अंशतः आपल्या हाती देणारी सोय 2022 च्या ऑक्टोबरात ‘माय अ‍ॅड सेंटर’ या नावाने सुरू झाली. जाहिरात चालू असतानाच तिच्यालगतचे तीन ठिपके किंवा वर्तुळातला ‘आय’ दाबला की एक चौकट उघडते. तीत जाहिरातदाराचे नाव, ही जाहिरात आपणास का दिसली याची कैफियत, आणि ती रोखण्याची वा तिच्याविरुद्ध तक्रार करण्याची कळ, असे सारे एकत्र सापडते. मद्य, जुगार, डेटिंग, गर्भारपण व बालसंगोपन, वजन घटवणे या नाजूक विषयांच्या जाहिराती कमी दाखवा असेही तेथे फर्मावता येते. मात्र ‘कमी’ म्हणजे ‘बंद’ नव्हे. त्याचप्रमाणे व्यक्तिगत जाहिरातींची कळ बंद केली की जाहिरातीच थांबतात, ही समजूतही फोल आहे: त्यांची संख्या घटत नाही, केवळ त्या आपल्या आवडीऐवजी चालू व्हिडिओचा विषय, वेळ आणि ढोबळ ठिकाण पाहून येऊ लागतात. पैसे भरून ‘प्रीमियम’ घेतले तरी निवेदक स्वतःच्या तोंडाने ज्या मालाची शिफारस करतो, ती व्हिडिओचाच भाग असल्याने कायम राहते.

हे सारे हुकूम खात्याला लागू होतात, घराला नव्हे. दिवाणखान्यातील टीव्ही वडिलांच्या खात्यावर चालत असेल आणि त्यावर दुपारभर नातवंडांचा अंमल असेल, तर ती आवडनिवड वडिलांच्या नावे रुजू होते. मुलांसाठी म्हणून नोंदलेल्या व्हिडिओंवर व्यक्तिगत जाहिराती 2020 च्या जानेवारीपासून दाखविल्या जात नाहीत. पण साधी जाहिरात तेथेही येते.

जाहिरात नुसती नकोशी नसून फसवी असेल, तर मंचाच्या कळीवर विसंबून राहण्याचे कारण नाही. 1985 मध्ये स्थापन झालेली मुंबईची अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल सामान्य ग्राहकाचीही तक्रार घेते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केंद्रीय प्राधिकरणास दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 10 लाख रुपयांपर्यंत, अपराध पुन्हा घडल्यास 50 लाखांपर्यंत दंड करता येतो. मात्र अर्जास पुरावा लागतो. सबब त्या चौकटीतील जाहिरातदाराचे नाव आणि पडद्याचे चित्र तत्काळ टिपून ठेवावे, कारण लिलावात जिंकलेली ती जाहिरात पुढच्या वेळी आपल्यासमोर येईलच असे नाही.