विश्लेषण : ‘मसीहा’ म्हणजे नेमके कोण? ज्यू आणि ख्रिस्ती धारणांत फरक काय?

येशूचे पहिले अनुयायी ज्यूच होते. तरीही ‘मसीहा कोण’ या प्रश्नावर दोन धर्मांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ते कसे?

शब्दाचा अर्थ काय?
हिब्रू ‘माशिआख’ म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. राजे आणि मुख्य पुरोहित यांना हा शब्द लावला जाई. यशयाच्या ग्रंथात तर पर्शियाचा सम्राट सायरस यालाही तो लावला आहे. ग्रीकमध्ये त्याचे ‘ख्रिस्तोस’ झाले. म्हणजेच ‘ख्रिस्त’ हे नाव नव्हे, पदवी आहे.

अपेक्षा काय होती?
इ.स.पूर्व ६३ मध्ये रोमन सेनापती पॉम्पीने जेरुसलेम घेतले. दाविदाच्या वंशातला राजा परकी सत्ता उलथवेल, ही आशा त्यानंतर बळावली. मात्र याबाबत एकमत नव्हते. कुमरानच्या गुंडाळ्यांत पुरोहित आणि राजा अशा दोन मसीहांची अपेक्षा दिसते.

पेच कुठे आला?
इ.स. ३० च्या सुमारास रोमनांनी येशूला क्रुसावर चढवले. शत्रूकडून मारला गेलेला मसीहा बहुतेक ज्यूंना पटणे कठीण होते. अनुयायांनी मात्र पुनरुत्थानावरील श्रद्धेतून जुने ग्रंथ नव्याने वाचले आणि यशयातील ‘दुःख सोसणारा सेवक’ येशूत पाहिला.

आज याचे महत्त्व काय?
‘ज्यूंनी मसीहा नाकारला’ या आरोपाने शतकानुशतके द्वेषाला खतपाणी घातले. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यूंवर ठेवता येणार नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट केले. मुळात हा वाद एकाच धर्मग्रंथाच्या दोन वाचनांचा होता.