खडीसाखरेतला दोरा आणि विमानाचं तिकीट

देवळात मिळालेल्या खडीसाखरेत कधी दोरा सापडलाय का? तो चुकून पडलेला नसतो बरं का! साखरेच्या दाट पाकात दोरे मुद्दाम ताणून ठेवतात. पाक सावकाश निवतो आणि दोऱ्याला धरून खडे वाढतात. घाई केली की खडे बारीक! या खड्यांनाच शास्त्रज्ञ ‘स्फटिक’ म्हणतात.

तुम्ही म्हणाल, यात एवढं शास्त्र ते काय? ऐका तर. १९१६ साली बर्लिनमध्ये यान चोख्राल्स्की हा पोलिश शास्त्रज्ञ लिहीत बसला होता. दौतीऐवजी त्याचा टाक शेजारच्या वितळलेल्या कथलात बुडाला, असं सांगतात. उचलून बघतो तर टोकाला धातूची बारीक तार! ती सबंध तार म्हणजे एकच अखंड स्फटिक होता. आज संगणकाच्या चिपसाठी लागणारं बहुतेक सिलिकॉन याच युक्तीने तयार होतं. १४१४ अंश सेल्सिअसला वितळलेल्या सिलिकॉनला एक लहानसा स्फटिक टेकवतात आणि गोल फिरवत हळूहळू वर ओढतात. त्या लहान स्फटिकाला म्हणतात ‘बीज’. किती छान शब्द, नाही?

स्फटिक वाढवणाऱ्यांची जागतिक परिषद पहिल्यांदा १९६६ साली अमेरिकेत बॉस्टनला भरली. पुढे ती दर तीन वर्षांनी भरण्याचा प्रघात पडला. २०१३ साली ती वॉर्सा इथे, म्हणजे चोख्राल्स्कीच्या पोलंडमध्येच झाली. पुस्तकात यशस्वी प्रयोग सापडतात. पण स्फटिकाला तडा का गेला, हे चहा पिता पिता शेजारचा माणूसच सांगतो. म्हणून तर तिथे जायचं!

पण जायचं कसं? पीएच.डी. करणाऱ्या ताई-दादांना मिळते बेताची शिष्यवृत्ती. विमानभाडं, परिषदेची फी, राहणं-जेवण, शिवाय व्हिसा. यासाठी काही संस्था तरुण संशोधकांना प्रवासखर्च देतात. ब्रिटनमधली स्फटिकवाढीची संघटना देते, स्फटिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटनाही देते. अर्जासोबत आपल्या कामाचा गोषवारा जोडायचा, मार्गदर्शकांचं पत्र द्यायचं. कुठे कुठे मात्र पैसे हातात पडतात ते परत आल्यावर, पावत्या दाखवून! ज्याच्या घरी उसने द्यायलाही कोणी नाही, त्याने काय करावं? मला तरी ही पद्धत पटत नाही. पालकहो, तुम्हाला पटते का?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने तुरटीचे खडे वाढवले होते. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा नंबर लागला, पण एस.टी.च्या भाड्यावरून घरी नाही म्हणाले. मग आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. तिथे दुसऱ्या शाळेच्या एका मुलाने तिला विचारलं, “बरणी खिडकीत ठेवतेस का? उन्हाने पाणी तापतं, खडा विरघळतो.”

आता तिची बरणी वर्गातल्या कपाटात, खालच्या फळीवर आहे. खडा बोराएवढा झालाय. कपाट उघडायचं ते हळू, अशी सगळ्यांना तिची सक्त ताकीद आहे. मलासुद्धा!